ब्राउझरमधली अडगळ कोण काढतं?

क्रोम ज्या कोडवर उभा आहे त्या क्रोमियम प्रकल्पात कामाच्या कुठल्याही दिवशी शेकडो बदल जमा होतात. प्रत्येक बदलासोबत तो करणाऱ्याने छोटंसं टिपण लिहायचं असतं: काय बदललं आणि का बदललं. ही टिपणं सगळ्यांना खुली आहेत, आणि सवड मिळाली की मी ती वाचते. त्यातल्या कितीतरी टिपणांमध्ये एकाच अर्थाचं वाक्य सापडतं, की या बदलाने ब्राउझरच्या वागण्यात काहीही फरक पडत नाही.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला प्रश्न पडतो. फरकच पडत नसेल, तर चांगल्या शिकलेल्या माणसाने दोन दिवस खर्चून हे केलं कशाला? त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. ब्राउझर बनवण्याच्या कामात सर्वांत जास्त विचार या न दिसणाऱ्या साफसफाईला लागतो, असं माझं मत आहे. मोबाइलवर बँकेचं पान उघडताना आपण ज्या सुरक्षिततेवर विसंबतो, तिचा मोठा वाटाही इथूनच येतो.

आधी पसारा केवढा आहे ते पाहू. बाहेरून घेतलेल्या लायब्ररी (म्हणजे तयार कोडचे संच) धरल्या तर क्रोमियमचा कोड काही कोटी ओळींचा आहे, आणि तो एका पिढीने लिहिलेला नाही. लिनक्सवर काम करणाऱ्या केडीई या गटातल्या मंडळींनी केएचटीएमएल नावाचं इंजिन, म्हणजे वेबपान पडद्यावर मांडणारा भाग, लिहिलं. २००१ मध्ये ॲपलने ते घेऊन त्यातून वेबकिट उभं केलं. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने त्याच वेबकिटवर क्रोम आणला, आणि एप्रिल २०१३ मध्ये वेगळी चूल मांडली. तिचं नाव ब्लिंक. वेबकिटच्या एकाच घरात ॲपल, गूगल आणि आणखी बरेच जण राहत होते, आणि प्रत्येकाची कोड बांधायची, म्हणजे लिहिलेल्या ओळींपासून चालता प्रोग्रॅम तयार करायची, पद्धत (बिल्ड सिस्टिम) निराळी होती. वेगळं झाल्याबरोबर सात बिल्ड सिस्टिम आणि सात हजारांहून अधिक फाइली, म्हणजे ४५ लाखांहून अधिक ओळी काढून टाकता येतील, असा अंदाज गूगलने त्या घोषणेतच सांगितला होता. या ४५ लाख ओळी चुकीच्या नव्हत्या. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेच्या होत्या, एवढंच.

फायरफॉक्सची वंशावळ वेगळी आहे. नेटस्केप कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला आणि त्यातून फायरफॉक्स बनवणारी मोझिला उभी राहिली. आजही फायरफॉक्सच्या कोडमध्ये ढिगाने फाइलींची नावं 'एनएस' या अक्षरांनी सुरू होतात. एनएस म्हणजे नेटस्केप. कंपनी कधीच इतिहासजमा झाली, पण तिच्या नावाची अक्षरं रोज नव्याने बांधल्या जाणाऱ्या ब्राउझरमध्ये आहेत.

जुनं कोपऱ्यात पडून आहे, कुणाला खायला मागत नाही, मग राहू दे की, असं वाटू शकतं. पण कोड खायला मागतो. तो प्रत्येक फोनवर उतरतो, प्रत्येक बांधणीत यंत्राचा वेळ घेतो, आणि नव्याने आलेला प्रत्येक माणूस तो वाचून समजून घेण्यात डोकं शिणवतो. शिवाय ब्राउझर हा अनोळखी माणसांनी पाठवलेला मजकूर रात्रंदिवस उघडून वाचणारा प्रोग्रॅम आहे. त्यात जिवंत असलेली प्रत्येक ओळ हल्लेखोराला चाचपून पाहता येते.

एफटीपीचं उदाहरण घ्या. फाइली पाठवण्या-आणण्याची ही पद्धत १९७१ सालची, म्हणजे वेबच्या जन्माआधीची. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत एफटीपीचा पत्ता टाकला की समोरच्या सर्व्हरवरच्या फाइलींची यादी दिसायची. पुढे वापरणारे फार थोडे उरले. ब्राउझरमधल्या एफटीपीत मजकूर गुप्त ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे वाटेत कुणीही तो वाचू किंवा बदलू शकत होतं. आणि कुठल्याही सर्व्हरने पाठवलेली यादी उलगडून वाचणारा जुना कोड मात्र सगळ्यांच्या यंत्रात हजर होता, एफटीपी हे नावही न ऐकलेल्यांच्या यंत्रातसुद्धा. दोन्ही ब्राउझरांनी आधी ती सोय बंद ठेवून पाहिली आणि मगच कोड काढला. जुलै २०२१ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ९० मधून एफटीपी गेलं, ऑक्टोबरमध्ये आलेल्या क्रोम ९५ मधूनही गेलं. आधी कुलूप लावायचं, काही आवृत्त्या वाट पाहायची, कुणाची ओरड येते का ते ऐकायचं, आणि मग पाडकाम. मोठी सोय काढताना हाच क्रम पाळतात.

एफटीपी निदान नाव असलेली गोष्ट होती. रोजची अडगळ मात्र फार छोट्या कारणाने साचते, आणि त्यातलं मुख्य कारण म्हणजे फ्लॅग. ते जरा जवळून पाहू.

समजा, बुकमार्कचं बटण नव्या पद्धतीने दाखवायचं ठरलं. ते थेट सगळ्यांना देणं धोक्याचं असतं. म्हणून कोडमध्ये एक प्रश्न घालतात: फ्लॅग चालू आहे का? असेल तर नवं बटण दाखव, नसेल तर जुनं. मग थोड्याच वापरकर्त्यांसाठी फ्लॅग चालू करतात, आकडे पाहतात, हळूहळू वाढवत सगळ्यांपर्यंत नेतात. नवं बटण स्थिरावतं आणि ती टीम पुढच्या कामाला लागते. पण तो प्रश्न कोडमध्ये तसाच राहतो. जुनं बटणही तिथेच असतं, ज्याकडे आता कुठलीच वाट जात नाही. असे दहा फ्लॅग साठले की त्यांच्या चालू-बंदच्या १,०२४ जोड्या होतात. त्यातल्या मोजक्याच जोड्यांची चाचणी होते.

क्रोमियमने यावर साधा उपाय केला. ब्राउझरच्या फ्लॅगांच्या पानावर जो फ्लॅग दिसायला हवा, त्याची नोंद एका फाइलीत करावी लागते आणि त्या नोंदीत दोन गोष्टी लिहाव्याच लागतात: मालक कोण, आणि कितव्या आवृत्तीत हा फ्लॅग संपेल. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते तशी. मुदत उलटली की फ्लॅग त्या पानावरून आपोआप दिसेनासा होतो. अर्थात, तो दिसेनासा झाला म्हणजे त्याच्यामागचा कोड गेला असं होत नाही. तो कुणीतरी हातानेच काढावा लागतो.

आणि हात घातला की धागा ओढल्यासारखं होतं. आधी तो प्रश्न काढायचा. मग जुन्या बटणाची फांदी. त्या फांदीतून तीन फंक्शन्स, म्हणजे नाव दिलेले कोडचे तुकडे, बोलावली जात होती, त्यातली दोन आता कुणीच बोलावत नाही, तीही काढायची. त्यांच्या चाचण्या काढायच्या. त्या फंक्शन्सपुरती वर जोडलेली हेडर फाइल (दुसरीकडच्या कोडची ओळख करून देणारी फाइल) काढायची. जुन्या बटणावर माऊस नेल्यावर जे वाक्य दिसायचं तेही काढायचं. या शेवटच्या गोष्टीचा आपल्याशी थेट संबंध आहे. फायरफॉक्स मराठीतही मिळतो, आणि त्यातली वाक्यं स्वयंसेवक आपला वेळ देऊन मराठीत आणतात. मेलेलं वाक्य कुणी काढलं नाही, तर पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या मजकुराला चपखल मराठी शब्द शोधण्यात एखाद्याची रविवार दुपार जाते. ते वाक्य काढणाऱ्याने त्या अनोळखी माणसाची दुपार वाचवलेली असते.

आता अवघड भाग. अमुक कोड मेलेला आहे हे कळणार कसं? कोडमध्ये नाव शोधलं आणि कुठेही सापडलं नाही, एवढ्याने भागत नाही. काही नावं मॅक्रोच्या, म्हणजे बांधताना आपोआप कोड लिहून देणाऱ्या साच्याच्या, पोटात तुकड्यातुकड्यांनी जोडली जातात. काही कोड फक्त विंडोजसाठी बांधला जातो, काही फक्त अँड्रॉइडसाठी. माझ्या लिनक्सवर सगळं सुरळीत बांधलं गेलं, याचा अर्थ मॅकवरही बांधलं जाईल असा होत नाही. म्हणून बदल आत घेण्याआधी दूरवरची यंत्रं तो प्रत्येक प्लॅटफॉर्मवर बांधून, चाचण्या चालवून पाहतात. त्या सगळ्या हिरव्या झाल्या आणि त्या भागाच्या मालकाने होकार दिला, तरच बदल आत जातो.

तरीही हिसका बसतो. फायरफॉक्समध्ये एक गमतीदार प्रकार आहे, मला तो फार शिकवणारा वाटतो. सी प्लस प्लस या भाषेतल्या फाइली एकेक करून बांधायला फार वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलीसाठी त्याच त्या हेडर फाइली पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात. म्हणून फायरफॉक्सची बांधणी एका फोल्डरमधल्या सोळा-सोळा फाइली एकमेकींना चिकटवते आणि त्यांना एकच फाइल समजून बांधते. वेळ खूप वाचतो. पण चिकटवल्यामुळे पाचव्या फाइलीने जोडलेली हेडर सहावीलाही फुकट मिळते. सहावीने ती स्वतः जोडलेलीच नसते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता तुम्ही त्या फोल्डरमधली तिसरी फाइल काढलीत. ती खरोखर निरुपयोगी होती, तुमचं काहीच चुकलं नाही. पण एक फाइल कमी झाल्याने सोळाचे सगळे गठ्ठे एकेका घराने सरकले. सतरावी फाइल पहिल्या गठ्ठ्यात आली, तेहेतिसावी दुसऱ्यात. कुणाचे तरी शेजारी बदलले. वर्षानुवर्षं शेजारच्या घरातून विरजण आणणाऱ्या घराला शेजारी घर बदलून गेल्यावर कळावं की आपल्याकडे विरजण नाही, तसं होतं. तुम्ही ज्या फाइलीला हातही लावलेला नाही ती फुटते, आणि चूक दाखवणाऱ्या संदेशात तुमच्या कामाशी काडीचाही संबंध नसलेलं नाव दिसतं. उपाय सोपा असतो: त्या फाइलीला तिची स्वतःची हेडर जोडून द्यायची. पण हे मुळात का झालं हे ठाऊक नसेल तर माणूस दिवसभर चाचपडत बसतो. या चुका आधीच पकडाव्यात म्हणून फाइली न चिकटवता बांधून पाहणारी एक वेगळी तपासणीही मोझिला चालवते.

काढण्यासारखंच दुसरं मोठं काम म्हणजे बदलण्याचं. एकच छोटा बदल, पण हजारो ठिकाणी. फायरफॉक्समध्ये हो-नाही साठवण्यासाठी पूर्वी 'पीआरबूल' नावाचा प्रकार होता. नावाने तो हो-नाही सांगणारा, पण आतून साधी पूर्णांक संख्या. २०११ मध्ये तो सगळीकडून काढून भाषेतला खरा 'बूल' आणला. शोधा आणि बदला असं दोन बटणांचं काम वाटतं ना? पण संख्येत ४ सुद्धा मावतो, खऱ्या बूलमध्ये फक्त हो किंवा नाही. कुठे ४ साठवून पुढे तो १ शी ताडून पाहिला असेल, तर जुन्या कोडमध्ये उत्तर नाही यायचं आणि नव्यात हो येणार. नाव बदलताना अर्थ बदलू नये यासाठी अशा जागा डोळ्यात तेल घालून शोधाव्या लागतात.

ब्लिंकमध्ये एप्रिल २०१७ ला याहून व्यापक नामांतर झालं. वेबकिटच्या रिवाजाप्रमाणे ब्लिंकमधल्या फंक्शनांची नावं छोट्या लिपीतल्या अक्षराने सुरू व्हायची, बाकी क्रोमियममध्ये मोठ्या. एकाच प्रोग्रॅमात दोन रिवाज. ते एक करण्यासाठी क्लँग या कंपायलरवर (कोड बांधणाऱ्या प्रोग्रॅमवर) आधारलेलं खास अवजार लिहिलं गेलं, कारण साध्या शोध-बदलाला कुठलं नाव कुणाचं हे कळत नाही. 'बिगिन' आणि 'एंड' ही फंक्शन्स ब्लिंकच्या स्वतःच्या वर्गांत असली तरी ती छोट्या अक्षराचीच ठेवावी लागतात. सी प्लस प्लसचं फॉर लूप स्वतःहून त्या नावांनी हाक मारतं, आणि नाव बदललं तर हाक ऐकायला कुणी राहत नाही. अवजाराला असे अपवाद शिकवावे लागले.

अशा सरसकट बदलाने आणखी एक नुकसान होतं. कोडमधली प्रत्येक ओळ शेवटी कुणी आणि कशासाठी लिहिली हे पाहायची सोय असते, तिला ब्लेम म्हणतात. नाव दोष देण्याचं असलं तरी वापर वाटाड्यासारखा होतो: ही विचित्र अट इथे का आहे, हे बारा वर्षांपूर्वीच्या टिपणात सापडतं. नामांतर करणाऱ्याने लाखभर ओळींना हात लावला, तर त्या सगळ्या ओळींवर त्याचंच नाव येतं आणि खरा इतिहास खाली दडपला जातो. म्हणून दोन्ही प्रकल्पांत एक फाइल ठेवलेली असते. इतिहास शोधताना कुठले बदल ओलांडून पुढे जायचं, त्यांची ती यादी आहे. साफ करणाऱ्याने आपली पावलं पुसून जायची आणि आधीच्यांची मात्र जपायची, ही शिस्त मला फार आवडते.

सुरक्षिततेसाठी झालेलं सर्वांत मोठं सरसकट काम क्रोमच्या पॉइंटरांचं. क्रोममधल्या गंभीर सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी चुकीची हाताळल्याने होतात, असं क्रोमियमच्या मंडळींनी २०२० मध्ये मांडलं होतं. त्यातल्याही निम्म्या एकाच जातीच्या. भाड्याची खोली सोडली, पण किल्ली खिशात राहिली, असा तो प्रकार. पॉइंटर म्हणजे खोलीची किल्ली. खोली रिकामी करून मालकाने दुसऱ्याला दिली, आणि प्रोग्रॅमचा एखादा भाग जुन्याच किल्लीने आत शिरून तिथलं सामान आपलं समजून वापरू लागला. त्या खोलीत आता हल्लेखोराने मुद्दाम मांडलेलं सामान असेल, तर ब्राउझर त्याच्या ताब्यात जातो.

यावर नव्या जातीची किल्ली काढली गेली. तिच्यामुळे खोलीच्या किती किल्ल्या बाहेर आहेत याची मोजणी राहते. एक जरी किल्ली बाहेर असेल, तर रिकामी खोली दुसऱ्या कुणाला दिली जात नाही, तिला टाळं राहतं. कल्पना सोपी, पण जुन्या किल्ल्या कोडभर पसरलेल्या. त्यासाठीही पुन्हा लिहून देणारं अवजार बनवलं. १५ हजारांहून अधिक पॉइंटर बदलले गेले, आणि २०२२ मध्ये क्रोम १०२ पासून विंडोज आणि अँड्रॉइडवर हे संरक्षण मुख्य प्रक्रियेत चालू झालं. यातल्या एकेका फाइलीतला बदल पाहिला तर वाटेल, कुणीतरी नुसती नावं बदलत बसलंय.

शेवटी ज्या साफसफाईबद्दल मला सगळ्यात आपुलकी आहे तिच्याबद्दल सांगते. 'विठ्ठल' हा शब्द घ्या. संगणकात तो सहा चिन्हांनी साठवलेला असतो: व, मग पहिली वेलांटी, मग ठ, मग हलन्त, मग पुन्हा ठ, मग ल. पडद्यावर मात्र वेलांटी व च्या आधी काढावी लागते आणि दोन ठ एकमेकांवर चढवावे लागतात. साठवलेला क्रम एक, दिसण्याचा दुसरा. हे काम आज क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत हार्फबझ नावाची लायब्ररी करते.

इंग्रजीला याची गरज नाही, असं धरून चालत. म्हणून वेबकिटकडून ब्लिंकला वारशाने दोन रस्ते मिळाले होते. साधा रस्ता: एक अक्षर, एक आकृती, शेजारी शेजारी मांडा. आणि 'गुंतागुंतीचा' रस्ता: मराठी, हिंदी, तमिळ, अरबी अशांसाठी. मजकूर आला की कोड आधी त्यातली चिन्हं तपासायचा आणि रस्ता ठरवायचा. साधा रस्ता वेगवान, आपला संथ. एकच काम करणारा कोड दोनदा लिहिलेला, त्यामुळे एका रस्त्यावर दुरुस्त केलेली चूक दुसऱ्यावर तशीच राहायची. इंग्रजीचंही नुकसान होतंच: अक्षरांमधलं अंतर सुबक करणं, एफ आणि आय जोडून काढणं या गोष्टी साध्या रस्त्यावर मुळात व्हायच्याच नाहीत.

ब्लिंकच्या मंडळींनी गुंतागुंतीचा रस्ता वेगवान करायचं ठरवलं. एकदा मांडलेला शब्द लक्षात ठेवायचा, म्हणजे तो पुन्हा आला की हार्फबझला पुन्हा कष्ट नकोत. पानावर शब्द सतत परत येत असतात, त्यामुळे हा उपाय चांगलाच लागू पडला. मग सगळ्या भाषा त्याच रस्त्यावर आणल्या आणि साधा रस्ता उखडून टाकला. मराठीसाठी बाजूला ठेवलेली वाट आता सगळ्यांचा हमरस्ता झाली. इंग्रजी पानांवरची अक्षरंही त्यानंतर नीट बसू लागली. आणि ब्लिंकमध्ये आपला मजकूर हा अपवाद राहिला नाही. त्यात काही बिघडलं तर ते सगळ्यांचंच बिघडतं आणि लगेच दिसतं.

यातलं काही स्वतः करून पाहायचं असेल, तर शिकणाऱ्यांसाठी दार उघडं आहे. क्रोमियम बांधायला निदान १०० जीबी मोकळी जागा आणि भरपूर रॅम लागते, साध्या लॅपटॉपचं ते काम नव्हे. फायरफॉक्समध्ये मात्र आर्टिफॅक्ट बिल्ड नावाची सोय आहे. तिच्यात सी प्लस प्लसचा जड भाग बांधून तयार असलेला उतरवून घेतात आणि तुम्ही फक्त जावास्क्रिप्ट आणि सीएसएसवर काम करता. बगझिला या मोझिलाच्या कामांच्या नोंदवहीवर नवख्यांसाठी वेगळ्या खुणा केलेली कामं असतात आणि त्यात साफसफाईची कामं पुष्कळ सापडतात. नुसतं वाचायचं असेल तर फोनही पुरतो. सर्चफॉक्स ही फायरफॉक्सचा कोड चाळायची साइट उघडायची, एखादं फंक्शन निवडायचं, त्याला कोण कोण बोलावतं ते पाहायचं. कुणीच बोलावत नसेल, तर आधी ब्लेम उघडून ते मुळात कुणी आणि का लिहिलं होतं ते वाचायचं.